'दंतकथा' की 'मौखिक इतिहास'? लुई कामूकाक यांच्या निमित्ताने

प्रश्न

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रांतातले, इनुइट या तिथल्या मूळच्या समाजातले इतिहासकार लुई कामूकाक (१९५९–२०१८) यांच्यावर लेख लिहिते आहे. किंग विल्यम बेटावरच्या जोआ हेवनला राहून त्यांनी वर्षानुवर्षं गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या हकिकती मिळवल्या. त्यांतल्या बऱ्याचशा ब्रिटिश दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिन यांच्या हरवलेल्या मोहिमेबद्दल आहेत. १८४५ मध्ये निघालेली ती दोन जहाजं आणि त्यांवरचे १२९ जण परतलेच नाहीत. कामूकाक यांनी जे जमवलं त्याला मराठीत काय म्हणावं? दंतकथा, आख्यायिका, ऐकीव माहिती? आणि त्यांना 'इतिहासकार' म्हणावं की 'लोकपरंपरेचे अभ्यासक'?

प्रतिसाद १

'दंतकथा' नको, 'आख्यायिका'ही नको. खरं-खोटं कोण जाणे, हा भाव दोन्ही शब्दांत आहे, आणि इथे सगळा वाद त्यावरूनच झाला. १८५४ मध्ये शोधप्रवासी जॉन रे यांनी इनुइटांकडून ऐकलेलं लंडनला कळवलं: गोरे खलाशी उपासमारीने मेले, शेवटी मेलेल्या सोबत्यांचं मांस खायची पाळी आली. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकातून ते धुडकावून लावलं. 'रानटी' लोकांच्या शब्दावर विश्वास तो काय ठेवायचा! पुढे त्या खलाशांच्या हाडांवर मांस कापल्याच्या खुणा सापडल्या. जहाजाचंही तेच झालं. एक जहाज किंग विल्यम बेटाच्या दक्षिणेला, उत्जुलिक नावाच्या भागाच्या बाजूला बुडालं, असं इनुइट एकोणिसाव्या शतकापासून सांगत होते. २०१४ मध्ये फ्रँकलिनच्या दोन जहाजांपैकी 'एरेबस' त्याच भागात, अवघ्या ११ मीटर खोल पाण्यात सापडलं.

ही साक्ष आहे. एकेका कथनाला 'साक्ष' किंवा 'हकिकत' म्हणा आणि सगळ्या संग्रहाला 'मौखिक इतिहास'. 'ऐकीव' टाळाच, मराठीत 'ऐकीव आहे' म्हणणारा आपली जबाबदारी झटकत असतो.

प्रतिसाद २

थोडा असहमत. शाळेच्या पुस्तकात भौतिक, लिखित आणि मौखिक अशी इतिहासाची साधनं आपण सगळेच शिकलो. तिथे ओव्या, पोवाडे, लोकगीतं यांच्या पंगतीला दंतकथाही आहेत. मग हा शब्द एवढा हलका का मानायचा?

प्रतिसाद १

हलका मानत नाही. पण दंतकथा मौखिक साधन असली, तरी प्रत्येक मौखिक साधन दंतकथा नसतं. कामूकाक यांच्या पणजीचंच घ्या. तिने लहानपणी किनाऱ्यावर बंदुकीच्या गोळ्या आणि परक्यांच्या वस्तू पडलेल्या पाहिल्या होत्या, माणसाच्या लांबीचा एक उंचवटाही पाहिला होता. हे तिने पणतवाला सांगितलं. फ्रँकलिनची गोष्ट त्याला पुढे शाळेत कळली, आणि पणजी कशाबद्दल बोलत होती ते उमगलं. पाहणारी आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसरं कुणीही नाही! आपल्याकडे कुणा आजीने स्वतः पाहिलेला दुष्काळ सांगितला, तर त्याला आपण दंतकथा म्हणत नाही.

'इतिहासकार' मात्र निःशंक लिहा. मराठीत इतिहास संशोधक म्हटलं की राजवाडे आठवतात, गावोगावची दप्तरं धुंडाळणारे, मोडी कागद जुळवणारे. कामूकाकही जुळवतच होते. दर्यावर्दींच्या रोजनिश्या एका बाजूला, लोकांच्या आठवणी आणि ठिकाणांची इनुइट नावं दुसऱ्या बाजूला. दोन्ही ताडून पाहायचं, प्रत्यक्ष त्या जागी जायचं. साधनं तपासून जो निष्कर्ष काढतो, तो इतिहासकार. 'लोकपरंपरेचे अभ्यासक' म्हटलंत तर नकळत त्यांना एक पायरी खाली बसवाल.

प्रतिसाद ३

दोन बारीक गोष्टी. 'एस्किमो' अजिबात नको, तिथल्या लोकांना तो अपमानास्पद वाटतो. 'इनुइट' हे मुळातच अनेकवचन आहे, एका माणसाला 'इनुक' म्हणतात. आणि 'मूलनिवासी' लिहिण्याआधी विचार करा. महाराष्ट्रात त्या शब्दाला वेगळा राजकीय संदर्भ आहे. 'आदिवासी' चालेल, पण सरळ 'इनुइट' लिहिलं की प्रश्नच मिटतो.

प्रश्नकर्ती

आभार. 'साक्ष' आणि 'इतिहासकार' हे दोन्ही घेते. एकच अडतंय: ज्यांच्याकडून त्यांनी ऐकलं त्या वयस्कांना काय म्हणू? 'ज्येष्ठ' लिहिलं की ज्येष्ठ नागरिक डोळ्यांपुढे येतात.

प्रतिसाद २

'जाणती माणसं' लिहा. तिथे या मंडळींना मान मिळतो तो नुसत्या वयाचा नाही. बर्फ, वाटा, शिकार, नातीगोती यांची माहिती त्यांच्याकडे असते म्हणून मिळतो.