पाचला उठण्यापेक्षा थांबायची वेळ ठरवा

घर आणि नोकरी सांभाळताना वेळ कसा पुरवायचा, या प्रश्नावर दोघांनी 'पहाटे पाचला उठा, सगळं जमतं' असं लिहिलंय. रात्री अकराला ओटा आवरून झोपणारी बाई पाचला उठली तर तिची फक्त झोप कमी होते.

माझ्या मते काम कधी थांबवायचं हे आधी ठरवावं. ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली मांडलेला नियम प्रसिद्ध आहे: हातात जितका वेळ असेल तितकं काम पसरतं. कपाट आवरायला काढलं की अख्खी दुपार जाते, हा अनुभव कोणाला नाही! मी अर्ध्या तासाचा गजर लावते. वाजला की उरलेलं उद्या. ऑफिसच्या मेलनाही हेच.

ट्रेनमध्ये कामं उरका, ही आणखी एक सूचना मला अर्धीच पटली. ट्रान्स-हार्बर (ठाणे ते नवी मुंबई) लोकल ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळालं तर तुर्भे येईपर्यंत वीजबिल भरून किराण्याची यादी होते. ऐरोली-रबाळेच्या गर्दीत उभं असाल तर सरळ गाणी ऐका. तेवढा वेळही सत्कारणी लावायचा हट्ट कशाला?

आणि हो, रविवारी कुठे निघायचं असेल तर शनिवारीच लोकलच्या मेगाब्लॉकचं (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात त्याचं) वेळापत्रक बघून ठेवा.