शब्दचर्चा : व्हॉयेजरला 'पोक' केलं, म्हणजे मराठीत नेमकं काय केलं?

पाटीपेन्सिल
मुलांच्या विज्ञान-मासिकासाठी व्हॉयेजर-१ या अंतराळयानाच्या दुरुस्तीची हकिकत मराठीत करते आहे. १४ नोव्हेंबर २०२३ पासून यानाकडून वाचता येईल असं काही येईना. १ मार्च २०२४ ला नासाच्या चमूने यानावरच्या एका संगणकाला आज्ञा पाठवली. तिला ते 'पोक' म्हणतात, म्हणजे बोटाने हलकेच टोचणं. ३ मार्चला उत्तर आलं आणि त्यातून बिघाडाचा माग लागला. मी लिहिलं, 'शास्त्रज्ञांनी २४ अब्ज किलोमीटरवरून व्हॉयेजरला कोपरखळी मारली.' संपादकांनी ते खोडून 'डिवचलं' केलं. दोन्हींत काहीतरी खटकतंय. शिवाय तेव्हा सगळीकडे फिरलेला विनोद चौकटीत द्यायचा आहे : 'बंद करून परत चालू करून पाहिलं का?' तोही नीट बसवायचा आहे.

उंबरठा
डिवचणे नकोच. साप डिवचतात, मधमाश्यांचं पोळं डिवचतात, शेजाऱ्याला डिवचतात. समोरचा चिडणार हे त्या शब्दात गृहीत असतं. कोपरखळीला मात्र जवळीक लागते. शेजारी बसलेल्यालाच कोपर लागतं, आणि तेही चेष्टेने. २४ अब्ज किलोमीटरवरून कोपर पोहोचतं यात गंमत आहे हे खरं, पण चमूच्या मनात चेष्टा नव्हती. 'ढोसणे' घ्या. झोपलेल्याला ढोसून उठवतात.

लोहबंद
ढोसणे म्हटलं की आज दहातल्या नऊ जणांना दारू आठवते. मासिक मुलांचं आहे.

उंबरठा
म्हणून चांगला शब्द सोडायचा का? 'त्याला ढोस रे जरा' हे घराघरांत चालतं.

शून्यएक
शब्दाआधी क्रिया बघू या. ज्याचं काम अडलं तो फ्लाइट डेटा सबसिस्टम. यानावर तीन प्रकारचे संगणक आहेत. हा उपकरणांकडून आलेली मोजमापं आणि यानाच्या प्रकृतीची माहिती एकत्र बांधतो आणि प्रेषणाच्या भागाकडे देतो. बिघाडानंतर प्रेषण चालूच होतं, पण त्यातून शून्य-एकची एकच नक्षी पुन्हापुन्हा येत होती. पोक म्हणजे या संगणकाला हलकेच दिलेली चालना : खराब भाग टाळून तुझ्या प्रणालीतले वेगळे क्रम चालवून बघ. जमलं तर जमलं.
उत्तरात जे आलं ते नेहमीच्या साच्यात नव्हतं. उलगडल्यावर कळलं की संगणकाने आपली अख्खी स्मृतीच (मेमरी) ओतून दिली आहे. ती आधीच्या चांगल्या नोंदीशी ताडून पाहिली, तेव्हा सुमारे ३ टक्के स्मृती बिघडल्याचं दिसलं. एक चिप गेली होती.
म्हणून माझं मत 'खडा टाकून पाहिला'. खडा टाकणारा चिडवत नाही, मारत नाही. पाण्यात काय हलतं ते बघतो.

पाटीपेन्सिल
खडा टाकणे सुरेख आहे! फक्त त्यात स्पर्श नाही. पोकमध्ये बोट लागतं.

वाफसा
मग 'टोकणे' घ्या. टोकण म्हणजे ठरावीक अंतरावर, ठरावीक खोलीवर भोक पाडून नेमके दाणे टाकणं. सोयाबीनला एका जागी २-३ दाणे, ३-४ सेंटीमीटर खोल. त्याहून खोल गेले तर उगवण मार खाते, आणि फार वर राहिले तर ओल उडून जाते. पेरणीत दाणा ओळीत कुठेही पडतो, टोकणीत जागा ठरलेली. काही भागांत यालाच टोबणे, डोबणे म्हणतात. संगणकातला पोक हाच ना?

शून्यएक
वा! बेसिक या जुन्या संगणक-भाषेतला पोक अगदी असाच. आज्ञेत दोन आकडे : आधी स्मृतीतल्या घराचा पत्ता, मग त्यात टाकायची किंमत. किंमत ० ते २५५ मधलीच, कारण एका घरात एकच बाइट मावतो. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर 'पोक ५३२८०, ०' दिलं की पडद्याची कडा काळी होते. ५३२८१ दिला तर मधली पार्श्वभूमी. पत्ता चुकून चालू प्रणालीच्याच घरात आकडा पडला तर यंत्र जागच्या जागी गोठतं. मग बंद करून चालू करणं एवढंच हातात, कारण वीज गेली की त्या स्मृतीतलं सगळं पुसतं. त्याची जोडीदार आज्ञा 'पीक', म्हणजे पत्त्यावर काय आहे ते नुसतं बघणं. डोकावणे आणि टोकणे, जोडी झकास जमते.

लोहबंद
पण नासाचा पोक हा बेसिकचा पोक नव्हे. तुम्हीच वर 'हलकेच चालना' म्हणालात. आणि 'टोकणे' आता लोक हिंदी अर्थाने वापरतात : 'त्याने मला मध्येच टोकलं.' शहरातल्या मुलाला दाणा दिसणार नाही, त्याला भांडण दिसेल.

वाफसा
हिंदीतून आलेल्या अर्थाने आपला शब्द का पळवावा? त्या अर्थाला मराठीत 'हटकणे' आहे, 'अडवणे' आहे. टोकण यंत्र दुकानात टोकण यंत्र म्हणूनच मिळतं. शब्द जिवंत आहे, शहराला ऐकू येत नाही एवढंच.

उंबरठा
वाफसा यांना पूर्ण पाठिंबा. ढोसणेलाही हाच न्याय लावा.

ओंजळ
मला ढोसणेच्या घरातलाच एक शब्द सुचतो : ढुशी. ढोसणे, ढुसणी, ढुशी ही एकाच कुळातली वाटतात. वासरू कासेला ढुशा देतं. ती ढुशी मारण्यासाठी नसते. सडाला नाक लागतं, ढुशी बसते, तो स्पर्श गाईच्या मेंदूपर्यंत जातो, ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटभरात पान्हा येतो. दूध कासेत आधीपासून असतंच, ढुशी ते फक्त मोकळं करते. गाय घाबरली, कुत्रं अंगावर आलं, अनोळखी हात लागला की पान्हा चोरते, मग कितीही ओढा.
आता शून्यएक यांनी सांगितलेलं पाहा. यानाच्या पोटात स्मृती होतीच, बाहेर येत नव्हती. हलकी ढुशी बसली आणि सगळं ओतलं गेलं.

पाटीपेन्सिल
'शास्त्रज्ञांनी व्हॉयेजरला ढुशी दिली.' अंगावर काटा आला.

लोहबंद
१९७७ मध्ये निघालेलं यान इथे म्हातारं, आणि ढुशी देणारं वासरू. नातं जुळतं खरं. पण ढुशी म्हटलं की निम्म्या वाचकांना रेडा आठवेल.

ओंजळ
रेडा 'ढुशी मारतो', वासरू 'ढुशी देतं'. क्रियापदाने फरक पडतो.

तिरकमठा
मूळ बातमीतल्या एका शब्दावर आक्षेप आहे. कुठे तरी 'व्हॉयेजर बरळू लागला' असं वाचलं. बरळतो तो तापात. शब्द वेगवेगळे येतात, जुळत नाहीत. इथे एकच नक्षी परतपरत येत होती, म्हणजे हे बरळणं नव्हे. 'धोशा लावणे' किंवा 'घोकणे' म्हणा. 'मुका झाला' हेही चूक, प्रेषण बंद नव्हतं.

उंबरठा
घोकण्याला अर्थ असतो, पाढे घोकतात. 'पालुपद' बरं.

तिरकमठा
पालुपदाला आधी कडवं लागतं. इथे कडवंच नव्हतं.

पाटीपेन्सिल
धोशा घेते. आणि तो बंद-चालूचा विनोद?

शून्यएक
तो विनोद द्या, पण खाली एक ओळ जरूर द्या : त्यांनी ते खरोखर केलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संगणकाला पुन्हा सुरू करून आधीच्या स्थितीत आणण्याचा प्रयत्न झाला. उपयोग झाला नाही, कारण चूक प्रणालीच्या वागण्यात नव्हती, चिपमध्येच होती. मुलांना हसू येईल आणि लगेच 'का नाही झालं?' हा प्रश्न पडेल. यापेक्षा चांगली चौकट नाही. फक्त 'रीबूट'ला 'पुनरारंभ' लिहू नका, विनोद जागीच मरतो. 'बंद करून परत चालू' हेच बोलतात.

लोहबंद
आणि शेवटी दुरुस्त कसं केलं ते लिहिताना 'चिप बदलली' असं होऊ देऊ नका.

शून्यएक
हो. मेलेल्या चिपवरचा कोड दुसरीकडे हलवला. पण अख्खा मावेल एवढी सलग जागा कुठेच नव्हती. म्हणून तुकडे केले, सापडतील त्या मोकळ्या जागांत ठेवले, आणि ते एकत्र काम करतील असे बदल केले. शिवाय जुन्या जागेचा उल्लेख जिथे जिथे होता तिथे नवा पत्ता घातला. एक पत्ता राहिला असता तरी संगणक मेलेल्या घरात जाऊन अडकला असता. पहिला तुकडा १८ एप्रिलला पाठवला. जायला साडेबावीस तास, यायला तितकेच. २० एप्रिलला यानाने पाच महिन्यांनी आपली प्रकृती कळवली. उपकरणांची मोजमापं त्यानंतर.

वाफसा
नापीक चोपण पट्टा सोडून बी दुसऱ्या वाफ्यांत नेऊन लावलं, आणि पाटाचं पाणी तिकडे वळवलं. हे टोकणच आहे हो.

तिरकमठा
तुम्ही यानाला 'तो' म्हणता की 'ते'? पाटीपेन्सिल, लेखात एकच ठेवा.

ओंजळ
विषय निघालाच आहे तर जोडीच्या व्हॉयेजर-२ यानाचंही बघा. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या आज्ञेने त्याची अँटेना पृथ्वीपासून २ अंश वळली. मग ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा केंद्राच्या मोठ्या तबकडीने पूर्ण जोर लावून 'तोंड इकडे कर' अशी आज्ञा पाठवली. ३७ तासांनी, ४ ऑगस्टला, संपर्क आला. त्याला इंग्रजीत 'शाउट' म्हटलं गेलं. सगळ्यांनी 'आरोळी ठोकली' लिहिलं. तिथे 'हाळी दिली' हवं होतं.

उंबरठा
आरोळीत काय वाईट?

ओंजळ
आरोळी कोणी ऐको न ऐको, ठोकता येते. हाळी कोणाला तरी देतात. नदीच्या या काठावरून पलीकडच्या नावाड्याला हाळी देतात, आणि तिकडून 'ओ' येईपर्यंत थांबतात.

पाटीपेन्सिल
अंक शुक्रवारी छपाईला जातो. ढुशी, टोकणे की खडा, एक सांगा ना.

तिरकमठा
हाळीला 'ओ' लागतोच असं नाही. दवंडीवाल्याचीही हाळीच असते, तिला कोण ओ देतं?

ओंजळ
ती दवंडी. हाळी वेगळी.