परक्या गावातली खोली आणि धबधब्याचा दिवा: तुमचेही अनुभव लिहा

काल माळा आवरताना मस्कतचा टेबललॅम्प सापडला आणि दिग्दर्शक वोंग कार-वायचा 1997चा सिनेमा ‘हॅपी टुगेदर’ आठवला. हाँगकाँगचे दोन प्रियकर, लाय आणि हो, अर्जेंटिनात येतात. इग्वासूचा धबधबा बघायला निघतात, वाट चुकते, बिनसतं. ब्युनोस आयर्सच्या खोलीत राहतो तो धबधब्याचं चित्र असलेला दिवा. पेटवला की पाणी वाहताना दिसतं. सुरुवातीचा बराच भाग कृष्णधवल, दोघं पुन्हा एकत्र आले की रंग येतात. ख्रिस्तोफर डॉइलचा कॅमेरा!

होचे दोन्ही हात जखमी, म्हणून अंगात ताप असतानाही लाय ब्लँकेट गुंडाळून स्वयंपाकाला उठतो. मस्कतला आम्ही दोघं तापाने पडलो होतो, तेव्हा ह्यांनी असाच उठून मऊ भात टाकला होता. वर तूप, मेतकूट. तिथे दुसरं होतं कोण आपलं?

—

ताई, डोळ्यात पाणी आलं. दुबईत रूममेटने मला आठवडाभर पेज करून घातली. आता कुठे आहे कोण जाणे.

—

हो झालेला लेस्ली चुंग!! 1 एप्रिल 2003ला गेला. एप्रिल फूल समजून कितीतरी लोकांचा विश्वासच बसला नव्हता. माझाही नाही.

—

मी हा 2004मध्ये हेडफोन लावून, दार बंद करून बघितला. दोन पुरुष घरात भांडतायत, एकमेकांना भरवतायत, स्वयंपाकघरात टँगो नाचतायत, असं कधी पाहिलंच नव्हतं. लाय होचा पासपोर्ट लपवतो ते चूकच, पण ती भीती मला कळली. 6 सप्टेंबर 2018ला समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा सुप्रीम कोर्टाचा कलम 377चा निकाल आला, त्या रात्री आम्ही दोघांनी परत लावला. दार उघडं ठेवून.

—

वरच्या प्रतिसादाला मनापासून ❤️ दोघं सुखात राहा.

—

इग्वासूला जाऊन आलेय. डेव्हिल्स थ्रोट या तिथल्या सगळ्यात मोठ्या धारेपाशी नखशिखांत भिजतो माणूस, आवाजात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे कोआटी नावाचे प्राणी असतात, लांब शेपटीचे. माझ्या हातातली पिशवीच ओढली, अख्खे दशम्या-चटणी गेले! सिनेमात लाय शेवटी एकटाच तिथे उभा राहतो ना, मला तेच आठवत होतं. हे सोबत असायला हवे होते.

—

दशम्या अर्जेंटिनापर्यंत टिकल्या? दुधातल्या का? कृती टाका ना प्लीज.

—

हो, दुधातल्या. कुकर लावून येते, मग लिहिते.