बरे होणे आणि औषधाने बरे होणे

‘लोक बरे झाले, मग औषध सिद्ध झालेले नाही असे कसे म्हणता?’ या प्रश्नासंदर्भात कोरोनिल या कोविडवरील औषध म्हणून पुढे आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांचे उदाहरण पाहावे. २३ जून २०२० रोजी पतंजलीने हरिद्वार येथे ते जाहीर केले, तेव्हा सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे होतात असा दावा होता. परंतु ज्या चाचणीवर तो उभा होता, तीत सुमारे शंभरच रुग्ण होते आणि तेही लक्षणे नसलेले किंवा सौम्य लक्षणांचे, म्हणजे ज्यांतील बहुतेक जण एरवीही बरे झालेच असते. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवण्यास सांगितले आणि पुढे केवळ प्रतिकारशक्तिवर्धक म्हणून विक्रीस मुभा दिली. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत (त्यांपैकी आरोग्यमंत्री स्वतः डॉक्टर!) त्याचा पुन्हा गाजावाजा झाला आणि कोविडवरील उपचारासाठी कोणत्याही पारंपरिक औषधाला आपण प्रमाणपत्र दिलेले नाही, असा खुलासा जागतिक आरोग्य संघटनेला करावा लागला. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी योग्य प्रमाणपत्राविना राज्यात विक्री होऊ देणार नाही, असे तेव्हाच जाहीर केले होते. माझा आक्षेप आयुर्वेदावर नाही. तो पुराव्याच्या जागी मंत्र्यांची उपस्थिती ठेवण्यावर आहे.