भारतीय सीपीएल घेऊन जर्मनीत उडायचंय: व्हॅलिडेशन की कन्व्हर्जन?

खंडाळा_घाट
नमस्कार. माझ्याकडे डीजीसीएचं (भारताचं विमान वाहतूक प्राधिकरण) सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलट लायसन्स आहे, सोबत मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानांचं) रेटिंग आणि आयआर, म्हणजे फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याचं रेटिंग. एकूण २३० तास. त्यातले १६ मल्टीवर, बाकी सगळे एका इंजिनाच्या सेसना १७२ वर. पत्नीच्या नोकरीमुळे कायमचं म्युनिकला राहायला जातोय. सुरुवातीला हौशी उड्डाण चालू ठेवायचं आणि पुढे तिथल्या एअरलाइनसाठी प्रयत्न करायचा असा विचार आहे. मला व्हॅलिडेशन (भारतीय लायसन्सवरच तिथे उडण्याची परवानगी) मिळेल का? की थेट कन्व्हर्जनच (ते युरोपीय लायसन्समध्ये बदलून घेणं) करावं लागेल? आणि मेडिकल भारतातलं चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

निंबस
व्हॅलिडेशनचा विचार सोडून द्या. ती मूळ लायसन्सच्या आधारावर मिळणारी तात्पुरती परवानगी असते, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची. मल्टी-पायलट (दोन पायलट लागणाऱ्या) विमानावर को-पायलट म्हणून बसायचं तर अशा विमानांवरचे १५०० पेक्षा जास्त तास लागतात. हौशी उड्डाणासाठीही व्हॅलिडेशन मिळतं, पण त्यालाही स्किल टेस्ट द्यावीच लागते. मग तेवढ्याच मेहनतीत कायमचं लायसन्स का काढू नये?

२०२० च्या ७२३ क्रमांकाच्या युरोपीय नियमानुसार तिसऱ्या (म्हणजे युरोपीय व्यवस्थेबाहेरच्या) देशाचं पीपीएल (खासगी पायलट लायसन्स), सीपीएल किंवा एटीपीएल (एअरलाइन पायलट लायसन्स) हे पार्ट-एफसीएलच्या, म्हणजे युरोपीय लायसन्स नियमांच्या, पीपीएलमध्ये बदलून मिळतं. तुमच्यासाठी सरळ वाट हीच. एअर लॉ (हवाई कायदा) आणि ह्यूमन परफॉर्मन्स (पायलटच्या शरीर-मनाच्या मर्यादा) या दोनच लेखी परीक्षा, पासिंग ७५ टक्के. मग पीपीएलची स्किल टेस्ट, पार्ट-मेडचं (युरोपीय वैद्यकीय नियम) किमान क्लास २ मेडिकल (हौशी पायलटचं; व्यावसायिकाला क्लास १), भाषेची पातळी ४ किंवा वर, आणि पायलट म्हणून किमान १०० तास. तास तुमच्याकडे भरपूर आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर तिकडे गेल्यावर हिरमोड होतो. परक्या लायसन्सवरचं क्लास रेटिंग (एका प्रकारच्या विमानांची, जसं एका इंजिनाच्या, परवानगी) तसंच्या तसं चढवून घ्यायला त्या क्लासवर १०० तास लागतात. सिंगल इंजिन पिस्टन सहज येईल. मल्टीचे १६ तास काही कामाचे नाहीत. ते रेटिंग तिथे प्रशिक्षण घेऊन पुन्हा काढावं लागेल.

इसार_काठ
जर्मनीत कोणत्या कार्यालयात जायचं इथेच बरेच जण गोंधळतात. साधं पीपीएल राज्याच्या विमान वाहतूक कार्यालयाकडून मिळतं. म्युनिकसाठी ते लुफ्टआम्ट झ्यूडबायर्न. सीपीएल, एटीपीएल किंवा आयआर असलेलं लायसन्स मात्र ब्राउनश्वाइगच्या एलबीएकडे (जर्मनीचं केंद्रीय विमान वाहतूक कार्यालय). राहता पत्ता जिथला, अर्ज तिथेच, त्यामुळे आधी पत्त्याची नोंदणी करून घ्या.

त्यासोबत सुरक्षा पडताळणी लागते. त्यासाठी मागच्या वर्षांचे राहते पत्ते द्यावे लागतात, भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागितलं जाऊ शकतं. पासपोर्ट सेवेतून ते (पीसीसी) भारतातून निघण्याआधीच घेऊन ठेवा, तिथून मागवायला वेळ जातो.

नावाचंही बघा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, लायसन्सवर कधी आद्याक्षर, लॉगबुकवर तेही नाही. जर्मन कारकून अक्षर न् अक्षर जुळवतो. तिन्हीकडे एकच नाव नसेल तर निघण्याआधी दुरुस्ती करून घ्या. डीजीसीएकडून लायसन्सची पडताळणी थेट जर्मन कार्यालयाला जावी लागते. तो अर्ज सगळ्यात आधी टाका, बाकी फाइल त्याच्यावरच अडकून बसते.

रेडिओचं प्रमाणपत्र जर्मनीत वेगळं असतं, बुंडेसनेट्सआगेंटूर या दूरसंचार नियामकाचं. इंग्रजीपुरतं हवं असेल तर बीझेडएफ ई. तुमचं भारतीय प्रमाणपत्र मान्य होतं का ते त्यांना आधीच लेखी विचारा. पण व्यवहार सांगतो: छोट्या धावपट्ट्यांवर बरेचदा सगळं बोलणं जर्मनमध्येच चालतं. सर्किटमधली (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीतली) वाक्यं, धावपट्टी, वारा, अंतर एवढं तरी जर्मनमध्ये कळायला हवं, नाहीतर शेजारचं विमान कुठे आहे हेच समजत नाही.

खंडाळा_घाट
खूप आभार दोघांचे. मेडिकल क्लास २ काढू की थेट क्लास १? आणि आयआरचं काय?

इसार_काठ
एअरलाइनचा विचार खरा असेल तर क्लास १, आणि तेही बाकी काहीही खर्च करण्याआधी. पहिलं क्लास १ साध्या डॉक्टरकडे होत नाही, एअरोमेडिकल सेंटरला जावं लागतं. भारतातलं क्लास १ कन्व्हर्जनला चालत नाही. रंगदृष्टीत इशिहाराच्या (रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखण्याची चाचणी) २४ पानांच्या संचातली पहिली १५ पानं एकही चूक न करता वाचता यायला हवीत. चुकलात तर पुढच्या तपासण्या लागतात. मेडिकलच्या अर्जावर लायसन्स कोणत्या देशाचं काढणार ते लिहितात. एका देशात मेडिकल आणि दुसऱ्या देशात लायसन्स असं चालत नाही. सगळी वैद्यकीय फाइल नंतर हलवावी लागते आणि त्यात आठवडे जातात.

क्रॉसविंड
आयआरबद्दल: आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) मानकांचं आयआर असेल, तुमचं भारतीय तसंच आहे, तर सक्षमतेवर आधारित आयआरच्या कोर्समधून पूर्ण सूट मिळू शकते. मग लेखी परीक्षाही नाही. एअर लॉ, हवामान आणि फ्लाइट प्लॅनिंगचं तोंडी ज्ञान स्किल टेस्टमध्येच परीक्षक तपासतो. पण अट आहे, पायलट-इन-कमांड (विमानाचा मुख्य पायलट) म्हणून आयएफआरचे, म्हणजे उपकरणांच्या नियमांखालच्या उड्डाणाचे, ५० तास. फ्लाइंग क्लबमधून नुकतं बाहेर पडलेल्या सीपीएलधारकाचे इन्स्ट्रुमेंट तास बहुतेक हुडखाली (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावून), प्रशिक्षकासोबत असतात. ते यात धरले जात नाहीत. २३० तासांवर ही वाट तुम्हाला बंदच समजा.

व्यावसायिक लायसन्ससाठी डीजीसीएच्या लेखी परीक्षांची सूट शून्य. एटीपीएलचे १३ पेपर नव्याने, प्रत्येकात ७५ टक्के (आपल्याकडे ७० पुरतात). पहिला पेपर ज्या महिन्यात दिलात त्या महिन्याच्या अखेरीपासून १८ महिन्यांत सगळे सुटायला हवेत, एका पेपरला चार प्रयत्न. चौथाही गेला तर सगळा संच पहिल्यापासून. सगळे पेपर एकाच देशाच्या प्राधिकरणाकडे द्यावे लागतात, अर्धे इथे अर्धे तिथे जमत नाही. सगळे सुटल्यावर सीपीएल आणि आयआर ३६ महिन्यांत हातात पडायला हवं.

उड्डाणाचे तास किती कमी करायचे ते प्रशिक्षण संस्था तुम्हाला तपासून शिफारस करते आणि प्राधिकरण ठरवतं. दोन-तीन संस्थांकडे लॉगबुक दाखवा, शिफारशी वेगवेगळ्या येतात. शेवटी मल्टी-पायलट विमानाच्या पहिल्या टाइप रेटिंगआधी (विशिष्ट मॉडेल उडवण्याची परवानगी) एमसीसी (दोन पायलटांनी मिळून काम करण्याचं प्रशिक्षण) आणि अॅडव्हान्स्ड यूपीआरटी (विमान भलत्या स्थितीत गेल्यास सावरण्याचं प्रशिक्षण) लागतं, त्याचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा.

पवना_रेडियल
यापेक्षा ब्रिटनचं लायसन्स सोपं नाही का पडणार? तिथे सगळं इंग्रजीत, आणि युरोपात चालतंच की.

निंबस
नाही चालत. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन ईएएसएच्या (युरोपीय विमान सुरक्षा संस्था) बाहेर आहे. जर्मनीच्या दृष्टीने ब्रिटिश लायसन्सही भारतीय लायसन्ससारखंच तिसऱ्या देशाचं. दोनदा खर्च होईल.

आणि तुमच्या ओळखीचे कोणी पायलट एअरबस ए३२० वर असतील तर त्यांचा हिशोब वेगळा. एटीपीएलचा अनुभव पूर्ण असेल आणि लायसन्सवर वैध टाइप रेटिंग असेल तर कोर्समधून पूर्ण सूट मिळू शकते, पण १३ पेपर आणि स्किल टेस्ट चुकत नाही. टाइप रेटिंग चढवायला त्या विमानावर ५०० तास.

क्रॉसविंड
पीपीएलच्या स्किल टेस्टबद्दल राहिलं. मर्यादा: उंची १५० फूट इकडेतिकडे, दिशा १० अंश, अप्रोचचा वेग १५ नॉट वर किंवा ५ नॉट खाली. २३० तासांच्या हाताला हे अवघड नाही. घोळ होतो तो हवाई क्षेत्रात. व्हीएफआरला (बाहेर बघून उडताना) ट्रान्सपाँडरवर (रडारला ओळख सांगणारं यंत्र) ७००० हा कोड, जर्मनीत ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिथून वर उंचीमापक प्रमाण दाबावर लावतात) साधारण ५००० फूट, आणि नकाशावरचे आरएमझेड (रेडिओ सक्तीचं क्षेत्र) व टीएमझेड (ट्रान्सपाँडर सक्तीचं क्षेत्र). आरएमझेडमध्ये शिरण्याआधी रेडिओवर बोललंच पाहिजे, टीएमझेडमध्ये ट्रान्सपाँडर चालूच हवा. एक विभाग नापास झाला तर तेवढाच पुन्हा देता येतो; दोन गेले तर सगळी परीक्षा परत. म्हणून टेस्टच्या आधी तिथल्या प्रशिक्षकासोबत चार-पाच तास घ्या, निम्मा वेळ क्रॉस-कंट्री नकाशा आणि रेडिओवर घालवा. स्टॉल आणि फोर्स्ड लँडिंग तुम्हाला येतंच.