डॉक्टर म्हणतात चवथीआधी कळा आणू. कारण मात्र दर प्रश्नाला नवं

मांद्रेची_सून

माझं पहिलं बाळंतपण आहे. माहेर बांदा, सासर मांद्रे. नाव म्हापशातल्या एका खासगी हॉस्पिटलात सुरुवातीपासून घातलंय. बीपी, साखर, थायरॉइड सगळं नीट. बाळ डोक्यावर आहे आणि लाथा अशा मारतं की पोटावर ठेवलेला मोबाईल घसरून पडतो.

काल तपासणीला गेले. डॉक्टर बाई आहेत, आजवर वागणं चांगलंच. म्हणाल्या, "तारीख उलटली. परवा सकाळी बॅग घेऊन ये, जेल लावू, कळा आणू." मी म्हटलं, तारीख उलटून एकच दिवस झालाय. तर म्हणाल्या, पाणी कमी वाटतंय. रिपोर्टात पाणी ७ आहे आणि पुढे पुरेसं असंच लिहिलंय, तो शब्द मी बोटाने दाखवला. मग नाळेचा एक वेढा गळ्याभोवती निघाला. वेढ्याने काय होतं विचारलं तर बाळ मोठं आहे, ३.४ किलो! शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "थांबायचं तर सही करून थांब. बाळाचं काही बरंवाईट झालं तर मग माझ्याकडे येऊ नकोस." ह्याच्यापुढे कुठली बाई तोंड उघडणार? नवरा बाजूला बसून नुसती मान हलवत होता. त्यालाही बोल लावत नाही, ते वाक्य त्याच्याही छातीत बसलं.

आतून तपासलं तेव्हा सिस्टरला सांगितलं ते मी ऐकलं: गर्भाशयाचं तोंड बंद, कडक. एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी, चांगली आली.

आता गोम ऐका. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर आहे. बाहेर बिल भरताना काउंटरवरची मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "चवथीक डॉक्टर मेळचे नात." म्हणजे चवथीला डॉक्टर मिळणार नाहीत.

घरी तर वेगळंच पंचांग. आमचा गणपती मूळ घरात, सगळ्या भावबंदांचा मिळून एक, दीड दिवसाचा. बाळ आता झालं तर सोयर येणार आणि अख्ख्या घराण्याचा गणपती अडणार. चित्रशाळेत पाट कधीच पोचलाय, माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळांच्या मांडवाला, कोण काय आणणार ते ठरलंय, मुंबईचे चुलतदीर रेल्वेची तिकिटं काढून बसलेत. सासूबाई मला थेट काही बोलत नाहीत, पण काल सांजवात लावताना जरा मोठ्यानेच पुटपुटल्या, "दीड दीस सरूं दी रे देवा, मागीर कितें तें." म्हणजे डॉक्टरना बाळ चवथीआधी हवं, घराला चवथीनंतर. पोट माझं आहे हे दोन्हीकडे विसरलेत.

एक गोष्ट मला खटकते. माझी पाळी ३५ दिवसांनी यायची. आठव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी झाली, तिच्यात तारीख सहा दिवस पुढची आहे. फाइलवर मात्र पाळीवरून काढलेलीच तारीख लाल पेनने लिहिलीय. विचारलं तर, "सहा दिवसांनी असं काय होतंय?" अहो, होत नसेल तर मग एका दिवसाची एवढी घाई कशाला?

नॉर्मलच व्हायला हवं असा माझा हट्ट नाही. सिझर लागलं तर करू. पण कारण माझ्या पोटातलं सांगा, भिंतीवरच्या कॅलेंडरातलं नको. ह्यातून गेलेल्या कुणी सांगाल का, परवा जाऊ की नको? आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणतात डॉक्टरला?

कुडाळकरीण

अजिबात जाऊ नको गो. माझ्या नणंदेचं हेच झालं. सकाळी जेल, दुपारी ड्रिप, संध्याकाळी "पुढे सरकत नाही" आणि रात्री नऊला सिझर. बिल बघून भावोजी दोन दिवस जेवले नाहीत. गोव्यात शंभरात जवळजवळ चाळीस बाळंतपणं सिझरने होतात, सरकारी पाहणीचाच आकडा आहे, २०१९-२१चा. देशाचा आकडा साडेएकवीस. मग आपल्या बायकांची हाडं काय वेगळी आहेत?

पर्वरीचा_बाबा

थोडं उलट बोलतो, रागावू नका. कळा आणल्या की सिझर ठरलेलंच, असं नाही. २०१८ साली अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा मोठा अभ्यास झाला. काही त्रास नसलेल्या बायकांना ३९व्या आठवड्यात कळा आणल्या, तर सिझर १८.६ टक्के झाली. ज्यांना थांबू दिलं त्यांच्यात २२.२. आमच्या मुलीच्या वेळी आम्हीही आधी नको नकोच करत होतो, शेवटी ४१व्या आठवड्यात जेल लावलं. बायको दीड दिवस कळा देत होती, पण नॉर्मल झालं. डॉक्टरचं बोलणं टोचलं म्हणून सल्लाही चुकीचा असेल असं धरू नका. माणसं बरोबर गोष्ट वाईट पद्धतीने सांगतात, आमच्या ऑफिसात तर रोज.

सिस्टर_मावशी

बाये, मी सरकारी इस्पितळाच्या प्रसूती वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुला बघितलेलं नाही, कागद पुढ्यात नाहीत, तेव्हा जा की नको हे मी सांगणार नाही. पण तुला चार कारणं एका दमात ऐकवली, ती वेगळी करून बघू.

आधी तारीख. बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पाळीवरून तारीख काढतात ती २८ दिवसांच्या पाळीची धरून. तुझी ३५ची, म्हणजे गर्भ राहिलाच आठवडाभर उशिरा. नऊ आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी पाच दिवसांहून जास्त फरक दाखवत असेल तर सोनोग्राफीची तारीख धरायची, अशी रीत आहे. तुझा फरक सहाचा. म्हणजे फाइलप्रमाणे ४० आठवडे १ दिवस, पण खरं बघता ३९ आठवडे २ दिवस. तारीख उलटलेलीच नाही! सातव्या-नवव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तारीख मागे-पुढे होते, तिच्याकडे बघू नको. पहिलीच धर.

पाणी. पोटाचे चार भाग करून प्रत्येकातलं मोजतात आणि बेरीज करतात. ५च्या खाली गेलं तर कमी. ७ म्हणजे कमी नव्हे, पण भरपूर आहे असंही मी म्हणणार नाही. दिवस भरत आले की ते पटकन उतरू शकतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी परत बघायला सांग. नुसती बेरीज नको, सगळ्यात मोठी जागा २ सेंटिमीटरच्या वर आहे का तेही विचार. आणि पाणी खरंच उतरलं तर मग माझ्याशी वाद घालत बसू नको, जा.

नाळेचा वेढा चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात असतो. बाळ बाहेर येताना आम्ही बोटाने काढायचो. निव्वळ त्याच्यासाठी कळा आणत नाहीत. वजन म्हणशील तर सोनोग्राफीचा अंदाज दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होतो, आणि साखर नसलेल्या आईचं ३.४ किलोचं बाळ मोठं कसलं? चांगलं आहे.

आता जे तुझ्याशी कुणी बोललंच नाही ते. तोंड बंद आणि कडक असताना कळा आणणं म्हणजे आधी तोंड मऊ करायचं. त्यासाठी जेल. पुष्कळदा सहा तासांनी दुसरं, मग पाण्याची पिशवी फोडणं, मग ड्रिप. पहिलटकरणीला पूर्ण दिवस लागतो, कधी जास्तही. पिशवी फुटल्यावर ड्रिप लावून निदान बारा ते अठरा तास वाट बघितल्याशिवाय "जेल लागू पडलं नाही" म्हणायचं नसतं, आई आणि बाळ ठीक असली तर. पर्वरीच्या बाबांनी सांगितलेला अभ्यास खरा आहे, पण थांबण्याची तयारी असेल तिथेच त्या आकड्यांना अर्थ. ज्या जागी सगळ्यांना चवथीला घरी जायचंय तिथे कोण थांबणार? म्हणून डॉक्टरना एकच विचार: "जेल चढलं नाही तर तुम्ही किती वेळ वाट बघाल, आणि रात्री भूल देणारे डॉक्टर इथे असतील का?" उत्तर काय येतं त्यावरून तुझं तुला कळेल.

आणि चवथीबद्दल सरळच विचार. चवथीला भूल देणारा मिळत नसेल तर ते खोटं कारण नव्हे, धोक्याचं कारण आहे. पण मग जागा बदलायची. तारीख का बदलायची? म्हापशातलं पेडेंचं जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज चवथीच्या दिवशीही चालूच असतात. माझ्या कितीतरी चवथी तिथेच गेल्या, मोदक डब्यातून यायचे.

कुडाळच्या बाई, तुमचं दुःख कळतं, पण "अजिबात जाऊ नको" हे तिला लांबून सांगू नका. ४१ आठवडे पूर्ण झाले की मीही तिला कळा आणायला पाठवीन. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. स्वीडनमध्ये २०१९ साली एक अभ्यास छापून आला: ४२ आठवड्यांपर्यंत थांबवलेल्या गटात सहा बाळं गेली, ४१ला कळा आणलेल्या गटात एकही नाही. अभ्यास अर्ध्यावर बंद करावा लागला. तेव्हा थांबायचं ते सोनोग्राफीच्या तारखेने ४१पर्यंत, आणि डोळे उघडे ठेवून.

बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं (हिरवट असलं तर तडक), रक्त दिसलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर १०८ला फोन. काल एनएसटी चांगली होती म्हणून थांबायचं नाही, ती कालची.

फोंड्याची_वकीलबाई

सहीबद्दल. "सही करून थांब" ह्याला घाबरू नका. तुम्ही ऐकलंत, समजलात आणि आज नको म्हणालात, एवढीच त्या कागदाची किंमत. सही करण्याआधी त्यावर कारण आणि धोके लिहून मागा. काय होतं माहीत आहे? बोलताना चार कारणं असतात, लिहायला बसलं की एकच उरतं. फाइलची नक्कल मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागते, २००२च्या डॉक्टरांच्या आचारनियमांत तसं आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सोयराचं मात्र माझ्याकडे कलम नाही!

मांद्रेची_सून

सगळ्यांना देव बरें करूं. सिस्टर मावशी, तुमचा मजकूर नवऱ्याने वहीत उतरवून घेतला, प्रश्नांखाली रेघा मारून.

आज पणजीला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात एवढे अडकलो की मला वाटलं कळा तिथेच येतात. त्यांनी पहिली सोनोग्राफी बघून लाल पेनच्या तारखेवर काट मारली आणि नवी लिहिली. पाणी आज ८, मोठी जागा ३ च्या वर. तोंड अजून बंदच, पण आता कडक नाही म्हणाल्या. दर दोन-तीन दिवसांनी एनएसटी आणि पाणी बघायचं, ४१ पूर्ण झाले की भरती. हिशेब केला तर ते चवथीनंतर तीन-चार दिवसांनी येतं. त्याच्या आधी बाळाला यायचं तर येईल.

मग आमच्या डॉक्टरना फोन केला. नवऱ्यानेच केला, वही पुढे धरून. भूल देणाऱ्यांचं विचारलं तर जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, ते चवथीला गावी जातात, बोलावलं तर येतात पण दोन तास लागतात. आणि म्हणाल्या, "मला रात्री अडकायचं नव्हतं रे, तिच्यासाठीच." मला राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं. हेच काल सांगितलं असतं तर मी रात्रभर नाळेचे फोटो बघत बसले नसते. नाव बांबोळीला घालते म्हटल्यावर त्यांनी स्वतःच चिठ्ठी लिहून देते म्हणून सांगितलं.

सोयराचं सासऱ्यांनी एका वाक्यात मिटवलं. "गणपती आमचो, तो बाळाक भियेना." सासूबाई अजून हिशेब मांडतायत, मांडू देत. चुलतदिरांना मात्र मी काही सांगणार नाही, ते नवऱ्याचं काम.

मावशी, बांबोळीला जाताना काय काय घेऊन जाऊ?

पर्वरीचा_बाबा

ताई, उड्डाणपुलाचा त्रास टाळायचा तर सकाळी सातच्या आत पर्वरी पार करा. रात्री रस्ता मोकळा असतो. गाडीत जुना टॉवेल ठेवा, का ते विचारू नका.

सिस्टर_मावशी

चिठ्ठी, दोन्ही सोनोग्राफ्या, रक्तगटाचा आणि बाकी रक्ताचे रिपोर्ट, आधार. सगळ्याची एकेक झेरॉक्स. उद्याच जाऊन केसपेपर काढून ये, कळांत रांगेत उभं राहायला नको. रक्त देऊ शकेल असा एक माणूस फोनवर हाताशी ठेव, चवथीला तो कुठल्या गावी असेल ते आधीच विचारून. तुझ्यासोबत बाईमाणूस एकच, पण खंबीर. सासूबाई नको, आईला बांद्याहून बोलावून घे. जुने मऊ सुती कपडे बाळाला, नवीन अजिबात नको. आणि चवथीच्या दिवसांत भरती झालीस तर आजूबाजूचं दुकान उघडं असेलच असं नाही, तेव्हा घरून डबा आणि थर्मास.

कुडाळकरीण

बरं झालं. आणि मावशी, मी पण ३३व्या आठवड्यात आहे म्हणून जरा जास्तच बोलले. माझी पण तारीख पाळीवरूनच लिहिलीय, पाळी ४० दिवसांची. पहिली सोनोग्राफी अकराव्या आठवड्यातली आहे, ती चालेल का?

सिस्टर_मावशी

चालेल. त्या वेळी सात दिवसांहून जास्त फरक असला तर सोनोग्राफीचीच तारीख धरतात. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा कागद दाखवून फाइलवर दुरुस्त करून घे, नववा लागेपर्यंत थांबू नको.