अनुभव धागा: गंडमशी तुमची गाठ कशी पडली?

७ एप्रिल १९७९ला जपानमध्ये ‘मोबाइल सूट गंडम’ ही माणसाने आत बसून चालवायच्या अजस्र लढाऊ रोबोंची ॲनिमेशन मालिका सुरू झाली. ठरले होते ५२ भाग, पण प्रेक्षक मिळेनात म्हणून ४३ भागांतच आवरती घ्यावी लागली. पुनःप्रक्षेपणात लोकांनी तिला उचलून धरलं आणि तिचं विश्व अजूनही वाढतंच आहे.

पुण्यात जपानी शिकताना कानाला सवय व्हावी म्हणून मी ती लावली. तेराव्या भागात गंडम रोबो चालवणारा १५ वर्षांचा अमुरो खूप दिवसांनी आईला भेटतो आणि तिच्या डोळ्यांदेखत शत्रूच्या शिपायावर गोळी झाडतो. आई त्याच्याकडे परक्यासारखी बघत राहते. मी वही मिटली, त्या दिवशी एकही नवा शब्द लिहिला नाही.

तुमची आठवण सांगा. एखादाच प्रसंग असला तरी चालेल.

~

माझं उलटं झालं. आधी मॉडेल, मग मालिका. मावसभावाने मालिकेतल्या झाकू या रोबोचा १/१४४ प्रमाणातला संच आणला होता. हिरवा, एका डोळ्याचा. सुटे भाग निपरने कापायचे, राहिलेला खुंट पॉलिश पेपरने घासायचा, सगळी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. मला वाटायचं हाच नायक! मालिका बघितल्यावर कळलं, हा तर झिऑनचा, शत्रूचा. तोही कारखान्यातून ढिगाने निघणारा. दिग्दर्शक तोमिनोंचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांच्याकडे रोबो म्हणजे देव नाही, हत्यार आहे. गोळ्या संपतात, दुरुस्ती लागते, आत बसलेला माणूस घाबरतो.

~

मिहारू कुणाला आठवते का?

बेलफास्टची मुलगी. धाकट्या भावंडांच्या पोटासाठी झिऑनला बातम्या पुरवते. त्यासाठीच अमुरोच्या व्हाइट बेस जहाजावर चोरून चढते आणि तिथे तिला लहान मुलं दिसतात. आपल्या बातमीने यांच्यावर हल्ला झाला, हे उमगल्यावर ती जहाजावरच्या ‘काय’ नावाच्या सैनिकाला म्हणते, मीही लढते. क्षेपणास्त्र सुटत नाही म्हणून ती हाताने खटका ओढायला जाते आणि त्याच्याच झोताने समुद्रात फेकली जाते. तो मागे वळून बघेपर्यंत तिचा पत्ताही नसतो.

मी घरात थोरली. बाबा गेल्यावर दोन भावांच्या फीसाठी कॉल सेंटरला रात्रपाळी करायचे. सकाळी घरी येऊन हा भाग बघितला. भाऊ शाळेला निघाले होते, त्यांना दारात थांबवून दोघांचे डबे पुन्हा उघडून बघितले, पुरेसं दिलंय ना म्हणून.

~

वरचं वाचून गलबललं. चित्रं जुनी वाटून कुणी थांबलं असेल तर मालिकेतूनच संकलित केलेले १९८१-८२चे तीन चित्रपट बघा. पण आईचा तो भाग मालिकेतच बघावा.

~

आम्ही कावासाकीला राहतो. २०२२ला आबा आले तेव्हा त्यांना योकोहामाच्या धक्क्यावर नेलं. तिथे १८ मीटर उंचीचा, हालचाल करणारा गंडम होता (मार्च २०२४ला तो बंद झाला). आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मालिका त्यांनी बघितलेली नाही. सगळे चेहऱ्याचे फोटो काढत होते आणि आबांची नजर कमरेवर. “भार पायावर न्हाई रं, मागनं धरलंय त्येला,” म्हणाले. बरोबर होतं, मागून आधार होताच. मग त्याने गुडघा वाकवला, हात वर नेला, बोटं एकेक उघडली. आबा नकळत स्वतःची बोटं तशीच उघडत होते.

पुढचा खेळ अर्ध्या तासाने होता. वारा बोचरा होता, तरी आबा जागचे हलले नाहीत.